भिंतीतली पुस्तकं

सानोबर : हे तिसरं कलादालन, मावजुदा! चित्रांतली डाळिंबं बघून बघून दात आंबले माझे. आता वाचनालयात चल.

मावजुदा : एवढी भिंत बघ, मग जाऊ.

सानोबर : सकाळपासून हेच चाललंय. मोहल्ल्याची ग्रंथपाल तू, आणि वाचनालयाचं नाव काढलं की तुलाच पळता भुई थोडी! हिवाळाभर लेकीकडे होते. ह्यांच्या पुस्तकांवरून हात फिरवते, बस्स. अगं, ही भिंत पुस्तकांचीच आहे की!

मावजुदा : ताशकंदचा कलाकार आहे. मोठं नाव आहे त्याचं.

सानोबर : थांब. हे निळं रेशमी वेष्टण... मी शिवलंय हे. माझ्या लग्नातल्या झग्याचं कापड! हे ह्यांचं पुस्तक आहे.

मावजुदा : एरगाशभाईंचीच आहेत सगळी, असं नाही गं.

(सानोबर पुस्तक ओढते. ते हलत नाही.)

सानोबर : निघत का नाही?

मावजुदा : चिकटवलंय. हात नको लावूस, राखणदार बघतोय.

सानोबर : पानंसुद्धा?

मावजुदा : पानंसुद्धा. वाचनालय बंद झालं, सानोबर. तिथे आता पर्यटक उतरतात. पुस्तकं रद्दीत चालली होती. म्हटलं, भिंतीत तरी राहतील. चार लोक बघतील.

सानोबर : बघतील! आपल्या मोहल्ल्यात गेलेल्या माणसाची पुस्तकं वाचनालयात का देतात गं? हे गेले त्याच्या चाळिसाव्या दिवशी तूच सांगितलंस ना? आता बोल.

मावजुदा : वाचून झालं की वाचणारा त्याच्यासाठी दुवा मागतो, म्हणून.

सानोबर : मग आता ही उघडणार कोण, आणि दुवा मागणार कोण? माझ्या दारात आणून टाकायची होतीस. खाटेवर ती ठेवून मी खाली निजले असते.

मावजुदा : तू इथे नव्हतीस.

सानोबर : फोन तर होता! दर शुक्रवारी विचारायचे, ह्यांचं पुस्तक कुणी नेलं का? तू म्हणायचीस, एक मुलगी येते, एक संपलं की दुसरं नेते, डोळे मिटून दुवा मागते.

मावजुदा : तेवढंच तुला बरं वाटायचं गं.

सानोबर : म्हणजे मुलगीही नव्हती?

मावजुदा : नव्हती.

सानोबर : आणि मी खुळी, तिला चांगला नवरा मिळू दे म्हणून हिवाळाभर दुवा मागत होते.