आग्रह करायचा नाही

संस्था माणसापेक्षा मोठी असते, असं आमचे अध्यक्ष नानासाहेब दर वार्षिक सभेत उभं राहून सांगायचे. आमची संस्था म्हणजे उज्जैनमधल्या फ्रीगंजमागच्या गल्लीतल्या पाच खोल्या, एक स्वयंपाकघर आणि ज्यांचं कोणी नाही अशा नऊ म्हाताऱ्या. नानासाहेब स्वतः चांगले सहा फूट होते, त्यामुळे ते वाक्य मला कधी नीट पटलं नाही.

मी उज्जैनचीच. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून आले आणि परत जाऊ जाऊ म्हणत इथेच राहिले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, रागावल्यावर दोन्ही. मी पोस्टात काउंटरवर नोकरी केली, लग्न केलं, मूलबाळ झालं नाही, आणि मी रिटायर झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे गेले. मग काय सांगू तुम्हाला, कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं, घरात कोणीतरी बोललं म्हणून. तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला ओढून या आश्रमात नेलं. त्या मंडळावर होत्या, मला सचिव केलं. सचिव म्हणजे बिनपगारी. सकाळी जायचं, भाजी बघायची, कोणाचं औषध, कोणाचं भांडण, दिवे लागले की घरी. तिथल्या मथूआक्का रोज विचारायच्या, आज उशीर का गं केलास. असं विचारणारं माणूस असणं, मतलब, ज्याच्याकडे असतं त्याला ते कळत नाही.

तर आमच्या मंडळाची एक रीत होती. सभेत अध्यक्षांनी म्हणायचं, आता मला मोकळं करा. बाकीच्यांनी म्हणायचं, छे छे, तुमच्याशिवाय कोण. त्यांनी पुन्हा म्हणायचं, यांनी पुन्हा अडवायचं, मग ते मान खाली घालणार, टाळ्या, आणि पोहे. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात लाडू पडतो ना, तसंच. नानासाहेबांना ऐकू येईना, समोरचा कागद दिसेना, बैठकीत डोळा लागायचा, तरी अध्यक्ष तेच. मधल्या खोलीचं छत गळायचं. ते म्हणायचे, पुढच्या बैठकीत बघू, आणि त्यांना टोकणं बरं दिसत नाही म्हणून सगळे म्हणायचे, हो हो. शेवटी एका दुपारी प्लास्टरचा हा एवढा तुकडा मथूआक्कांच्या पलंगावर पडला. त्या बाथरूमला गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

मग मी हट्टाने नियम करवून घेतले. म्हटलं, देखरेख करायची तर मंडळ खरोखरीचं हवं. दोन मुदतींपेक्षा जास्त कोणी नाही. ट्रस्टींनी दर महिन्याला येऊन खोल्या बघायच्या. सभेत मोकळं करा असं कोणी म्हटलं की तो राजीनामा, आग्रह करायचा नाही, परत घ्यायचा नाही. आणि गेलेल्याने मागाहून लुडबुड करायची नाही, यायचं ते पाहुण्यासारखं. सगळे वा वा म्हणाले. त्या वर्षी नानासाहेब उठले, मला मोकळं करा म्हणाले, आणि कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं, म्हातारा आता मनाला लावून घेणार. तर बाहेर चपला घालताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, बाई, मी दर वर्षी खरंच म्हणत होतो हो.

नवा अध्यक्ष निलेश, देवास गेटजवळ ऑफिस आहे त्याचं, सीए आहे. आपल्यातलाच, पण तिसरी पिढी, चहा मराठीत पितो आणि निर्णय हिंदीत घेतो. पहिल्याच महिन्यात छत दुरुस्त झालं. मागच्या सभेत त्याने माझं इतकं कौतुक केलं, सगळं ताईंमुळे, ताई नसत्या तर, की मला संकोच झाला. आता कोणी एवढं कौतुक केलं की आपल्याकडे नको नको करावंच लागतं, जीभच तशी वळलेली. मी हात जोडून म्हटलं, छे हो, माझं काय त्यात, आता मला मोकळं करा. आणि थांबले.

कोणी काहीच म्हणेना. वहिनी खाली बघत होत्या. निलेशचे डोळे भरले होते, खोटं नाही सांगत. तो म्हणाला, ताई, आपने ही तो सिखाया. स्वीकार है.

म्हणता आलं असतं, अरे भाई, मी आपलं असंच म्हटलं. पण मग त्या नियमाचं काय राहिलं असतं, आणि उद्या कोणाच्या पलंगावर काय पडलं असतं. खाली बसले. पोहे खाल्ले. चांगले झाले होते.

आता संस्था छान चालली आहे. नव्या सचिव बाई हुशार आहेत, दुपारी सगळ्यांना पत्ते खेळायला बसवतात म्हणे, हे मला कधी सुचलं नाही. सुखात राहू देत सगळ्याजणी. तुम्हाला घाई नाही ना? घ्या अजून अर्धा कप, माझ्या घरी आग्रह चालतो.

पाहुण्यांना आश्रमात रविवारी चार ते सहा सोडतात. आज मंगळवार आहे.