गुणाजीच्या नावावरची देवी

(चैत्र, १९५४. कल्याणातली एक सहकारी बँक. टेबलामागे कारकून प्रभाकर कारखानीस. समोर बाकावर खाडीकाठच्या एका गावचे नाथा पाटील आणि गुणाजी.)

कारखानीस : सतरा रुपये, पाटील. कितीही वेळा विचारलंत तरी गुणाजींच्या खात्यात सतराच शिल्लक आहेत.

नाथा : आन आमी भरले दोनशे अठ्ठेचाळीस. एकतीस घरं, घरटी आठ रुपये. या हातानी मोजून दिलेत याच्याकडं. गुनाजी, सांग ना यांना.

गुणाजी : सगले इथंच भरले मी, नाथादादा.

कारखानीस : भरले होते, नाही कोण म्हणतंय. त्यातले दोनशे एकतीस बँकेने गेल्या महिन्यात जुन्या कर्जापोटी वळते करून घेतले.

नाथा : कर्ज कोनी काडलं? देवीनी?

कारखानीस : देवीचा इथे काय संबंध?

नाथा : अवो, पैशे गावदेवीच्या जत्रंचे हायेत. आठ दिवसांवर जत्रा आली. बेंडवाल्याला सांगून बसलोय.

कारखानीस : आमच्या वहीत देवी नाही, गुणाजी आहेत. ठेव त्यांच्या नावावर, थकलेलं कर्जही त्यांच्याच नावावर. मग बँक या खिशातलं त्या खिशात घालते.

नाथा : देवीच्या नावावरच ठेवायला आलो व्हतो. तुमीच बोललात, सही कोन करनार, देवी?

कारखानीस : म्हणालो असेन बुवा.

नाथा : परगावचा मास्तर सोडला तर गावात सही येते एकट्या गुनाजीला. बाकी आमी सगले आंगठेवाले. म्हून याच्या नावावर. आदी पैशे माझ्या कनगीत असायचे, भातात पुरून. परवाच्या साली उंदरांनी चाळीस रुपये खाल्ले. म्हटलं, बँकेत उंदीर नसतील.

कारखानीस : उंदीर आहेत, पण तिजोरीत शिरत नाहीत.

नाथा : गुनाजी, तुझ्यावर कर्ज हाय हे तवाच का नाय बोललास?

गुणाजी : मना वाटलं, बँक विसरली.

कारखानीस : विसरली? तीन पत्रं पाठवलीत तुम्हाला.

गुणाजी : मिलाली ना. देवाच्या तसबिरीमागं ठेवली.

कारखानीस : वाचली नाहीत?

गुणाजी : सही येते साहेब, वाचता नाय येत.

कारखानीस : मग मास्तरांकडून वाचून घ्यायची.

गुणाजी : आमचा मास्तर लय मोठ्यानं वाचतो. सगल्या गावानी ऐकलं असतं.

नाथा : आता काय ऐकनार नाय का? देवीचे पैशे गुनाजीनी खाल्ले, असंच बोलनार लोक.

गुणाजी : म्हशीला गिऱ्हाईक हाय, दादा. शनवारपर्यंत सगले पैशे तुझ्या हातात देतो. बायकोला, मंजुलेला, अजून सांगितलं नाय, पन ती समजून घेईल. मना चोर नका बोलू, एवढंच.

नाथा : चोर कोन बोलतंय? मी विचारतो, कर्ज काडलंस कशाला? दारू तू पीत नायस, पत्ते तुला येत नाय.

गुणाजी : जाऊ दे ना.

कारखानीस : अर्जात कारण लिहावं लागतं. हा काय, कागद इथेच आहे.

गुणाजी : साहेब, नका वाचू.

कारखानीस : "डिसेंबर अठ्ठेचाळीस. रुपये दोनशे. कारण, तुफानात फुटलेला गावचा खारबांध दुरुस्त करणे."

नाथा : पुन्यांदा वाचा.

कारखानीस : "गावचा खारबांध दुरुस्त करणे." खाली गुणाजींची सही. छान आहे हो सही.

नाथा : त्या तुफानात खाडी शेतात घुसली व्हती, साहेब. बांध तवाच बांधला नसता तर खाऱ्या पान्यानी तीन सालं भात झालं नसतं. यानी मजूर लावले, दगड आनले. मी विचारलं, पैशे कुठून? तर बोलला, व्हते घरात, सुगीला घरटी सात रुपये द्या.

कारखानीस : दिलेत?

नाथा : सुगीला माझ्या मालूचं लगीन निघालं. दगडूचा बैल मेला. पुढच्या साली आनखी काय काय. यानी मागितले नाय, आमी दिले नाय.

गुणाजी : मागायचे कसे, दादा? रोज सकाली एकाच बांधावर तोंडं बघायची.

कारखानीस : सुरुवातीचे काही हप्ते त्यांनी पदरचे भरलेत. मग थांबले.

नाथा : साहेब, ते दोनशे एकतीस एकतीस घरांत वाटले तर घरटी किती?

कारखानीस : साडेसातला थोडे कमी.

नाथा : म्हंजे बुडवलेले सात आन वर थोडं व्याज. ऐकलंस का गुनाजी? तुला पाच वर्सांत मागता आलं नाय ते बँकेनी एका दिवसात सगल्या गावाकडून वसूल केलं.

कारखानीस : बँकेचा तसा काही विचार नव्हता हो.

गुणाजी : पन दादा, लोकांनी ते देवीला दिलेले. मी कसे घेऊ?

नाथा : देवीच्या निवदाचा भात कुठं पिकतो? त्याच बांधाच्या आत ना? म्हस दावनीलाच राहू दे. बेंडवाल्याला मी नको सांगतो. ढोल आपल्या घरचे हायेत, सतरा रुपयांत नारल आन गूल येतो.

गुणाजी : लोक ऐकतील?

नाथा : ऐकतील. पयलं माझेच सात रुपये सांगन, मग बाकीच्यांची नावं घेईन. कागद वाचला तवा मना लाज वाटली रे गुनाजी. तुझ्या पोरांच्या तोंडचं काडून तू हप्ते भरलेस, आन मी तुझ्याच ओटीवर बसून चा पीत व्हतो.

गुणाजी : चा तर पिनारच ना, दादा.

कारखानीस : बरं, हे सतरा घ्या. इथे सही करा, गुणाजी. आणि पाटील, पुढच्या वर्षी पैसे दुसऱ्या कुणाच्या नावावर ठेवा. अंगठाही चालतो आम्हाला, एक साक्षीदार आणा म्हणजे झालं.

नाथा : दुसरा कोन आनू, साहेब? अख्ख्या गावात बिनकर्जाचा आता यो एकलाच हाय.