मले देता तुमी, कवडूकाका

तेजराम : दार लोट पहिले. खाणीच्या गेटापासून घरापर्यंत चार जणायनं थांबवलं मले. तेजराम, तुयी पोरगी ग्रामसभेत उठली म्हणते. काय बोलली तू, प्रतिक्षा?

प्रतिक्षा : हात-पाय तं धुवा, बाबा.

तेजराम : धुतो मंग. काय बोलली?

तुळसा : मी सांगतो. बसा तुमी.

तेजराम : तुले नाई विचारून राहिलो, तुळसा. तू तिथंच होती ना? मंग आपल्या पोरीले खाली काहून नाई बसवलं?

तुळसा : काहून बसवू? खोटं बोलून राहिली होती का?

प्रतिक्षा : माय, थांब. मीच सांगतो. बाबा, शाळेसमोर कवडूकाकाचा पानठेला आहे ना? तो तिथून हटवा, अन् अठराच्या आतल्या कोणालेच तंबाखूचा खर्रा देऊ नका, असा अर्ज आमी दहावीच्या पोरींनं देला होता. आज तो सभेत वाचला. तं कवडूकाका उठले. म्हणे, मी लेकरायले खर्रा देतच नाई. कोणाले देला, एकाचं तरी नाव सांगा.

तेजराम : मंग?

प्रतिक्षा : सरपंच म्हणे, नाव नसन तं पुढचा विषय घेऊ. कागद पलटवला बी त्यायनं. मंग मी उठली. म्हटलं, मले देता तुमी, कवडूकाका. सहावीपासून.

तेजराम : तुले? तू खर्रा खाते?

प्रतिक्षा : खात होती. तीन महिने झाले, सोडला.

तेजराम : अन् हे भर सभेत सांगतलं? उद्या कोणी पाहाले येईन, तं काय तोंड दाखवू मी? कोणं शिकवला तुले? नाव सांग त्याचं. पाहातोच त्याले.

तुळसा : सांग, बाई. घाबरू नको.

प्रतिक्षा : कोणी नाई शिकवला. पहिल्या पाळीतून आले का तुमी मले पाठवत होते. जा, कवडूकडून खर्रा आण. तिसरीत होती मी, तवापासून. रस्त्यानं पन्नी हातात घोटत घोटत आणत होती. सुपारी, तंबाखू, चुना. वास चांगला वाटे. सहावीत एक दिवस चिमूटभर तोंडात टाकला. मंग रोजच. मंग तुमच्या नावानं दोन आणाले लागली. एक तुमचा, एक माया.

(तेजराम खाटेवर बसतो.)

तेजराम : मले कसं नाई समजलं?

तुळसा : मले तरी कुठं समजलं? जेवताना डोळ्यात पाणी येये तिच्या. तिखट लागते म्हणे. मी भाजीत मिरच्या कमी केल्या, बस.

प्रतिक्षा : दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या शाळेत. म्हणे, तीन बोटं उभी करून दातायच्या मंधात घाला. पोरींची भराभर गेली. मायी दोनच गेली. वर्गातल्या रिताची बी दोनच. बाई म्हणे, आता सोडला तं इथंच थांबन, नाई तं तोंड उघडणं कमी कमी होत जाईन. त्याच दिवशी दोघींनं सोडला.

तेजराम : सुटला?

प्रतिक्षा : आठ दिवस डोकं फुटून जाये. कोणावर बी चिडत होती मी. खेळाच्या चंद्रकांता मॅडम मधल्या सुट्टीत आमाले मागच्या मैदानात नेत. कबड्डी, कबड्डी. दम लागला का खर्रा आठवत नसे.

तेजराम : हसले असतीन लोकं आज.

प्रतिक्षा : हसले ना. मागून कोणीतरी म्हणे, वा रे पोरगी! बसून जावं वाटलं. तेवढ्यात रिता उठली. म्हणे, मले बी देता. मंग नववीतले पोट्टे उठले. एक, दोन, चार…

तुळसा : तेरा जण. मी मोजले. अन् तेरावी कोण, ते सांग.

प्रतिक्षा : गुड्डी.

तेजराम : कवडूची नात?

तुळसा : तीच! सातवीतली. म्हणे, आजोबा, तुमी जेवाले घरी जाता तवा मीच बसतो ना ठेल्यावर? मी बी खातो. कवडूभाऊनं पोरीकडे पाह्यलं अन् मटकन खालीच बसले. मंग मी उठली.

तेजराम : तू?

तुळसा : हो, मी. वीस वर्सं झाली या गावात, सभेत कधी एक शब्द नाई बोलली. आज बोलली. म्हटलं, ठेला तं हटवाच. पण आमी मायबाप लेकरायच्या हातून खर्रा बोलावतो, ते बी बंद झालं म्हणून ठरावात लिहा. बायायनं अशा टाळ्या वाजवल्या! सरपंच म्हणे, हात वर करा. एक बी हात खाली नाई राह्यला.

प्रतिक्षा : कवडूकाकाचा बी वर होता, बाबा. पहिली सही त्यायनंच केली. आता ठेल्याच्या बांबूच्या ताट्या सोडून राहिले. फाट्यावर चहाचं दुकान लावतो म्हणे.

तेजराम : ताट्या सोडताना पाह्यलं मी. वाटलं, दुरुस्ती करून राहिला.

प्रतिक्षा : बाबा, तुमी घाला बरं तीन बोटं.

तेजराम : कायले?

प्रतिक्षा : घाला ना.

तुळसा : अव माय! दुसरं बोट जाऊनच नाई राहिलं.

तेजराम : दाढ दुखते म्हणून.

तुळसा : वर्षभर झालं, पोळी वरणात कुस्करून खाता. दाढ नाई ते. सोमवारी भंडाऱ्याले दवाखान्यात जाऊ. तिघं बी.

तेजराम : सोमवारी पाळी आहे मायी.

तुळसा : बदलवा.

तेजराम : बदलवतो. हे घे, खिशातली पन्नी. फेक तिकडे. …पोरी, माया खर्रा सुटन का?

प्रतिक्षा : पहिले आठ दिवस लय वाईट जातीन. मी आहे ना.

तेजराम : सभेत असाले पाह्यजे होतो मी आज. प्रतिक्षा, पुन्हा सांग बरं.

प्रतिक्षा : आताच तं सांगतलं, बाबा.

तेजराम : तवा मी रागात होतो. आता ऐकतो. सरपंचानं कागद पलटवला, अन् तू उठली. मंग?