एका ‘गेले’चा घोळ

...आता तुम्हीच सांगा, माणूस शेजारच्या औशाला गेला म्हणजे मेला का? पण वीरेशच्या प्रोग्रामला कोण समजावणार. तुम्हाला सांगतो, हा वीरेश लातूरच्या एका छोट्या बातम्यांच्या पोर्टलचा वार्ताहर, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भाव विचारत फिरायचा आणि उरल्या वेळात कोडिंग करायचा, तेबी फुकट, कुणीबी घ्या, वापरा, सुधारा, असं नेटवर उघडं ठेवलेलं. गावोगावचे वार्ताहर व्हॉट्सॲपवर जे पाठवतील ते प्रोग्राम वाचणार, अपघात इकडं, निवडणूक तिकडं, निधन खाली, असं लावून सोताच टाकणार. पोरांचा ताप वाचावा, एवढंच. हेतू चांगला होता हो.

तर मोंढ्यातून मेसेज आला, ‘ज्येष्ठ आडते रेवणप्पा सकाळीच गेले औशाला, सौदे उद्या.’ प्रोग्रामनं ‘ज्येष्ठ’ पाहिलं, ‘गेले’ पाहिलं, पुढचं वाचायची गरजच वाटली न्हाई त्याला... फोटोला हार घातला, भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली अन् मोकळा. बरं, लातूरपुरतं राहिलं असतं, पण नांदेडच्या पोर्टलवाल्यानं हाच प्रोग्राम घेतलेला, त्यानं ही बातमी उचलली, आणि नांदेडला कोण? रेवणप्पाची, म्हणजे सगळ्यांच्या आप्पाची, लेक मंजुश्री. ती लातूर येईपर्यंत गाडीत रडत आली. आप्पाचा फोन बंद. घरी आप्पाची बायको रत्नम्मा दारात बसून म्हणत होती, “चांगले चहा पिऊन गेले हो...” आणि बाया म्हणतात, “चांगली माणसं अशीच जातात, अक्का.”

वीरेशनं काय करावं? आपल्याच पोर्टलवर वाचलं, डोळे पुसले, हार घेऊन हाबी पोचला. तिथं कुणीतरी विचारलं, “कोणत्या दवाखान्यात?” कुणालाच ठावं न्हाई. वीरेशनं फोन काढून मूळ मेसेज वाचला, तर ‘गेले’च्या पुढं ‘औशाला’ लिहिलेलं. मागच्या मागं सटकता आलं असतं, पण मंजुश्रीकडं बघवेना. रत्नम्मापुढं बसला, म्हणाला, “काकू, आप्पा ठीक हायेत. प्रोग्रामची चूक झाली... न्हाई, माझीच.” हेतू चांगला होता, हेबी म्हणणार होता, पण हातातला हार बघून थांबला.

तेवढ्यात आप्पा ऑटोतून उतरले. गर्दी बघून घाबरले बिचारे, हळूच विचारलं, “कोण गेलं रे?”

मंजुश्री गळ्यात पडली ती सुटंना. सगळं कळल्यावर वीरेश मान खाली घालून उभा, त्याला वाटलं आता कानाखाली बसते. आप्पा म्हणाले, “जेवलास का?” तुम्हाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रत्नम्मानं ताट वाढलं, आणि हा भाकर नुसती मोडत बसला.

“आप्पा, मी दुरुस्ती टाकतो,” वीरेश म्हणाला, “आता माणसानं वाचल्याशिवाय निधनाची बातमी जाणार न्हाई.”

“टाक बाबा,” आप्पा म्हणाले, आणि उठून निघालेल्या पाहुण्यांकडं बघत राहिले. “पण मी खरंच जाईन तवा कोण येतंय आता? येऊन गेले ना सगळे.”