उमेदवाराचा भंडारा

नेवाशाच्या शाळेत नगराध्यक्षाच्या मतदानाला बायकांची रांग लागली होती. छबूबाईच्या पुढे म्हातारी चांगुणाबाई आणि तिची सून मोनिका दबक्या आवाजात बोलत होत्या. पण छबूबाईचे कान अजून तिखट होते.

"आत्याबाई, सारखा हात पदराला का पुसताय?"

"काल आपल्या उमेदवारानं खंडोबाचा भंडारा हातावर ठेवला. म्हनला, मत मलाच देनार म्हनून शपथ घ्या."

"आपल्या पक्षाच्या उमेदवारानं? आन तुमी घेतली?"

"सगळ्या बायका बघत हुत्या. घेतली."

"तीस वर्सं तुमीच गावाला सांगितलं, भंडाऱ्यात कायबी नसतं!"

"त्योच माज्या शेजारी बसून हे भाषन द्यायचा गं. आता त्याला मतं पायजेत, तर देव आठवला."

"मग देऊ नका त्याला."

"समोरचा त्याच्याहून वंगाळ हाय."

"नोटाचं बटन दाबा. शपथ मोडली तर काय व्हतंय?"

"तुज्या संस्कृतीला पहाटेपासनं ताप हाय."

"तिचा काय संबंध? लेकरांना ताप येतच आस्तो."

"मलाबी तसंच वाटतंय. पन तू तिची आई हायस. तू म्हन, आत्याबाई, बिनघोर मोडा."

मोनिका रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

"म्हन की. मी लगेच नोटा दाबते."

"थांबा जरा. आधी घरी फोन लावून बघते."

मोनिकाने पदराखाली चाचपले. मोबाईल तर पोलिसाने फाटकावरच ठेवून घेतला होता.

"चला आजी, पुढं या," आतून साहेबांनी हाक मारली.