केळीच्या बागेतलं झिंक

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. जाऊबाईंचा मुलगा भैया दोन वर्षांचा, पण सारखी हगवण, अंगाला काही लागेच ना. आबा, म्हणजे माझे सासरे, त्याला दिवसभर घरची केळीच भरवायचे. शेवटी आम्ही सगळे त्याला घेऊन जळगावला गेलो.

डॉक्टर म्हणाले, "याला झिंक कमी पडतंय. नुसत्या केळ्यांवर ठेवू नका. डाळ, दाण्याचा कूट, तीळ द्या."

आबा भडकले. "झिंक कमी? अहो, साऱ्या बागेले दरसाल खतासंगं झिंक टाकतो मी!"

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "बागेले टाकलं ते बागेनं खाल्लं. आता पोराच्या पोटात टाका."

संध्याकाळी भैयाला वरण-भात कालवून भरवायला आबाच बसले.