रडूबाईचा नंबर

दातांच्या दवाखान्यात दोन मैत्रिणी आपल्या लाडक्या जपानी गायिकांच्या ग्रुपमधल्या पोरींचे आवडीप्रमाणे नंबर लावत होत्या. शेजारी मास्तर पेपराआडून कान टवकारून ऐकत होते.

“पहिली वेणीवाली. शेवटची रडूबाई.”

“तिला गाता तरी येतं का?”

मास्तर असे दचकले की मांडीवरच्या किल्ल्याच खाली पडल्या.

“अय्या काका, किल्ल्यांना रडूबाईचा फोटो?”

“माझा नाही गं! मुलीचा. तिचं खूळ.”

“तिला हीच आवडते?”

“तिला काय कळतंय! बाई नुसती बेसूर.”

इतक्यात नर्स आली.

“मास्तर, दाढ काढल्यावर गुंगी राहील. सोबत कोण आहे?”

“काका, मुलीला फोन लावू?”

“कुठली मुलगी?” नर्स हसली. “मास्तरांनी लग्नच कुठं केलंय!”

मास्तरांनी किल्ल्या मुठीत झाकल्या.

“काका,” मघाशी ‘गाता तरी येतं का’ विचारणारी पोरगी हळूच म्हणाली, “तशी गाते बरी हो ती.”